दुकानांच्या इमारतीची गच्ची गळतेय, वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एप्रिल संपत आला की या सदराकडे गच्चीचेच प्रश्न जास्त येतात. यावेळी मुद्दाम फक्त कमर्शियल इमारतींचे प्रश्न घेतलेत, कारण घराच्या गच्चीवर निदान कोणीतरी पापड वाळत घालायला, मुलं पतंग उडवायला जातात, दुकानं-ऑफिसं असलेल्या इमारतीच्या गच्चीवर एसीवाला आणि केबलवाला सोडून वर्षभर कोणी फिरकत नाही. मग जुलैत फॉल्स सीलिंगमधून पाणी आलं की सगळे धावतात. पत्रं लांब होती, कापून घेतली आहेत.

प्रश्न : आमची डोंबिवलीत तीन मजली इमारत आहे, खाली दुकानं आणि वर क्लास, दवाखाना वगैरे. बावीस वर्षं जुनी. गच्चीला कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) आहे, त्यावर दोन वर्षांपूर्वी पांढरं कोटिंग मारून घेतलं, तरी गेल्या पावसात वरच्या हॉलच्या बरोबर मधोमध ट्यूबलाइटच्या पॉइंटमधून पाणी ठिबकत होतं. वर जाऊन बघितलं तर त्या जागी काहीच नाही, साधी चीरसुद्धा नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो परत एकदा कोटिंग करू. पावसाच्या आधी आम्ही स्वतः काय बघू शकतो?

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे तुमची निम्मी धावपळ वाचेल. पाणी जिथे ठिबकतं तिथेच ते वरून आत शिरलेलं असतं असं अजिबात नाही. स्लॅब ओतताना त्याच्या पोटात वायरिंगचे कन्ड्युट पाइप टाकलेले असतात, पाणी कुठल्यातरी कोपऱ्यातून कोब्यात शिरतं, कोब्यातून स्लॅबच्या बारीक चिरेत उतरतं, तिथे त्याला कन्ड्युट सापडला की त्यातून आरामात वीस फूट चालत जाऊन तुमच्या ट्यूबलाइटच्या पॉइंटला बाहेर पडतं. म्हणून पॉइंटच्या वर काही दिसत नाही. (आणि हो, असं पाणी आलं की पहिल्यांदा त्या सर्किटचा एमसीबी (बोर्डावरचा लाइट तोडणारा स्विच) पाडायचा, बादली नंतर शोधायची.)

तपासणीची सुरुवात गच्चीवर नाही, खाली करा. वरच्या मजल्याचा साधा नकाशा कागदावर काढा, जिथे जिथे डाग, ओल, पोपडे, लोणा दिसतोय तिथे खुणा करा, प्रत्येक खुणेचं अंतर बाहेरच्या दोन भिंतींपासून टेपने मोजा म्हणजे तीच जागा वर गच्चीवर सापडते. मग क्लासच्या शिपायाला, दवाखान्यातल्या मावशींना विचारा की पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ठिबकायला लागतं आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ चालू राहतं. या एका प्रश्नात खूप काही कळतं. सर आली आणि अर्ध्या तासात ठिबकायला लागलं, पाऊस थांबला की थोड्या वेळात बंद झालं, तर पाण्याला सरळ वाट आहे, म्हणजे पाइपचा जॉइंट, उघडी चीर, एक्सपान्शन जॉइंट (लांब इमारतीच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेली फट) असं काहीतरी. उलट पहिले दोन दिवस काहीच नाही, तिसऱ्या दिवशी सुरू झालं आणि पाऊस उघडून चार दिवस झाले तरी टपटप चालूच, तर तुमचा कोबा पाणी पिऊन बसलाय. दोन्हीचे उपाय एकदम वेगळे, आणि कोटिंग हा दुसऱ्यावरचा उपाय नाहीच, कारण आतलं पाणी आतच राहतं, वरून तुम्ही फक्त झाकण लावता.

आता वर चला. आधी झाडून काढा, नीट, कोपऱ्यातली माती खरवडून, कारण शेवाळ्याखाली आणि मातीखाली काय आहे ते कळल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. मग पहिलं काम म्हणजे पाणी उतरायच्या जागा. प्रत्येक आउटलेटमध्ये एक-एक बादली पाणी ओता आणि एक माणूस खाली चेंबरपाशी उभा करा, ओतलेलं सगळं पाणी लगेच खाली आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर पाइप अर्धा तुंबलाय. खाली आलंच नाही तर विचारायलाच नको. भिंतीवर बाहेरून बघा, गच्चीचं पाणी खाली नेणाऱ्या डाऊनटेक पाइपच्या जॉइंटपाशी हिरवा-काळा ओघळ असेल तर तिथे पाइप फुटलाय किंवा सॉकेट निसटलंय, आणि मग ओल गच्चीची नसून पाइपची आहे. आउटलेटच्या तोंडाभोवती बोटाने चाचपून बघा, पाइप आणि कोबा यांच्यामध्ये गोल फट पडलेली असते, माझ्या बघण्यातल्या बहुतेक गळत्या तिथेच सापडल्यात, चकचकीत टाइल्स आणि महागडी केमिकल्स लावलेल्या गच्चीवरसुद्धा. जाळी सपाट असेल तर बदला. एक प्लॅस्टिकची पिशवी सपाट जाळीवर येऊन बसली की काम तमाम, घुमटासारखी वर आलेली जाळी निदान बाजूंनी पाणी घेत राहते.

दुसरं, पडदीच्या (गच्चीच्या कठड्याच्या भिंतीच्या) कडेचा वाटा. गच्ची आणि पडदी जिथे मिळतात तिथे सिमेंटचा तिरका गोलवा दिलेला असतो तो. मे महिन्यात गच्ची इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही, ती फुगते, पडदी तेवढी फुगत नाही, मग वळवाची एक सर येऊन सगळं एकदम थंड होतं, या ओढाताणीत पहिली चीर वाट्यालाच जाते. हातोडीच्या दांड्याने किंवा जाड नाण्याने वाट्यावर आणि कोब्यावर ठिकठिकाणी टकटक करत चला, भरीव टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत पोकळी आहे, तिथे खडूने गोल करा. पडदी बाहेरूनही बघा, स्लॅबच्या लेव्हलला आडवी चीर असेल तर पाणी गच्चीवरून नाही, भिंतीतून आत येतंय. पडदीच्या माथ्याचा उतार आतल्या बाजूला हवा, आणि माथ्यावर चिरा असतील तर त्याही भरायच्या, त्या कोणी बघत नाही.

तिसरं, इमारत लांब असेल तर एक्सपान्शन जॉइंट. आरसीसीच्या कोडप्रमाणे साधारण ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला असा जॉइंट ठेवतात. त्यातलं भरलेलं मटेरियल वाळून तडकलेलं किंवा उंदरांनी कुरतडलेलं असतं, आणि कितीतरी ठिकाणी नंतर आलेल्या गवंड्याने त्यावर सरळ सिमेंट फासलेलं असतं, जे पहिल्याच उन्हाळ्यात फुटतं. तिथे लवचिक सीलंटच पाहिजे, सिमेंट नाही.

आणि शेवटी डबकी. यासाठी वळवाच्या पावसाची वाट बघा, तो फुकटात तुमची टेस्ट करून देतो. पाऊस पडून गेल्यावर ४८ तासांनी वर जा, जिथे अजून पाणी आहे त्याच्या कडेने खडूने रेघ मारा, मध्ये पट्टी बुडवून खोली मोजा, मोबाइलवर फोटो. पाऊस नाहीच आला तर टँकरच्या पाण्याने गच्ची ओली करून बघा. तुमच्या हॉलच्या मधोमध डबकं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण बीम-कॉलमपाशी स्लॅब हलत नाही, मधला भाग वर्षानुवर्षं थोडा थोडा खाली वाकतो, आणि आउटलेट मात्र कडेला कॉलमजवळ काढलेले असतात, म्हणजे उंच जागी. आता कोटिंगचं. ते पांढरं कोटिंग अॅक्रिलिकचं असेल तर साचलेल्या पाण्याखाली ते मऊ पडतं, फुगतं आणि सुटतं. त्याचे पोपडे कुठे आलेत ते बघा, डबक्याच्या जागीच निघतील. आधी पाणी उतरेल अशी सोय करा, तोवर त्या कॉन्ट्रॅक्टरला थांबायला सांगा.

प्रश्न : कोल्हापूरला आमचं कमर्शियल कॉम्प्लेक्स आहे, गच्चीवर चार-पाच ठिकाणी इंच-दीड इंच पाणी साचतं. गळत अजून नाही. एक जण म्हणतो जुन्या कोब्यावरच नवीन चार इंची कोबा टाकून स्लोप काढून देतो, फोडाफोड नको. करावं का?

नको. फोडाफोड वाचते हे खरं, पण वजनाचा हिशोब बघा. एक हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ २३६० लिटर, म्हणजे तेवढेच किलो, सव्वादोन टनांच्या वर. हे ओझं पाऊस उघडला की निदान उतरतं तरी. चार इंची विटांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो, आणि तो कायमचा. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरायला सांगितलेला लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास आहे, जिथे दुरुस्तीशिवाय कोणी जात नाही अशा गच्चीला तर ७५. म्हणजे इंजिनियरने माणसं, सामान यांच्यासाठी जेवढी ताकद शिल्लक ठेवली तिच्यापेक्षा जास्त तुम्ही एका कोब्यात खाऊन टाकणार. मूळ डिझाइनमध्ये एक कोबा धरलेला असतो, दोन नाही, आणि काही जुन्या इमारतींवर तर मी तीन थर बघितलेत, एकावर एक, प्रत्येक मालकाने मागच्याच्या डोक्यावर टाकलेले.

दुसरी भानगड अशी की नवीन थर टाकला की गच्चीची लेव्हल वर येते आणि आउटलेटचं तोंड खाली खड्ड्यात जातं किंवा गवंडी तेही सिमेंटने उचलून घेतो, पडदीची उंची कमी होते, लिफ्ट मशीनरूमचा आणि जिन्याच्या दाराचा उंबरठा बुडतो. मग पाणी गच्चीवरून जिन्यात.

तुमच्याकडे गळती नाहीये ही चांगली गोष्ट आहे, म्हणजे वेळ आहे. आधी लेव्हलची नळी घेऊन उतार मोजून घ्या. दहा फुटाला सव्वा इंच, म्हणजे १:१०० च्या आसपास उतार आउटलेटकडे मिळाला पाहिजे. बऱ्याचदा असं निघतं की डबक्यापासून आउटलेटपर्यंत उतार आहे पण मध्ये पाइपलाइनसाठी कोणीतरी सिमेंटचा बांध घातलाय किंवा एसीचे स्टँड वाळूसिमेंटात बसवलेत आणि पाणी त्याला अडतंय. तो बांध फोडला की काम झालं. तसं नसेल आणि खरोखर खड्डाच असेल तर तेवढाच चौकोन कापून, खालचा स्लॅब बघून, परत उतार काढून घ्या, किंवा डबक्याजवळ नवीन आउटलेट काढता येतो का ते बघा. नवीन आउटलेटसाठी स्लॅबला भोक पाडायचं तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवूनच, बीम किंवा सळ्या कापल्या गेल्या तर भलतंच होईल. खालून स्लॅबचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनियरकडून इमारतीच्या ताकदीची तपासणी. मुंबईत तर ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली ते करावंच लागतं.

आणि गळत नसलं तरी डबकं तसंच ठेवू नका. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास तयार होतो. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ (आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी ओतून टाकायचा) गच्चीलाही लागू आहे.

प्रश्न : रत्नागिरीत तीन हजार चौरस फुटांची गच्ची आहे, चार इंची दोन पाइप. जोराचा पाऊस आला की गच्चीचं तळं होतं, तासाभराने उतरतं. पाइप तुंबलेले नाहीत, साफ करून बघितले. मग काय चुकतंय?

पाइप कमी आहेत, दुसरं काही नाही. तीन हजार चौरस फूट म्हणजे २७९ चौरस मीटर. तासाला १०० मिमी असा पाऊस धरला (कोकणात थोडा वेळ तरी असा पडतोच) तर तुमच्या गच्चीवर तासाला जवळपास २८ हजार लिटर पाणी येतं. या पावसाला चार इंची एक पाइप साधारण ४० चौरस मीटरची गच्ची नीट उतरवतो. भागाकार तुम्हीच करा, सात पाइप लागतात, तुमच्याकडे दोन. तासाला ५० मिमी धरलं तरी चार तरी हवेतच. शिवाय शेजारची उंच भिंत किंवा लिफ्टरूम असेल तर तिच्यावरून ओघळणारं पाणीही याच गच्चीवर येतं, ते कोणी हिशोबात धरत नाही.

जास्तीचे पाइप लावणं हा खरा उपाय, पण या पावसाळ्याआधी निदान एक करा, पडदीला ओव्हरफ्लोची तोंडं काढा. नेहमीच्या आउटलेटपेक्षा दोनेक इंच वर, पडदीतून आरपार, बाहेर थोडं पुढे आलेलं, म्हणजे भिंतीवर ओघळ येणार नाहीत. आपल्याकडे आउटलेट तुंबले तर पाणी बाहेर काढायची दुसरी वाट सहसा कोणी ठेवतच नाही, आणि मग तेच पाणी जिन्याच्या दारातून किंवा केबलच्या भोकातून स्वतःच वाट काढतं. ओव्हरफ्लोमधून पाणी पडायला लागलं की रस्त्यावरून लोकांना दिसतं, तोच तुमचा अलार्म.

खालचा चेंबरही बघा. वर पाइप कितीही लावले आणि खाली रस्त्याचं गटारच भरलेलं असलं तर पाणी उतरणार कुठे. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला. तसा दिवस रोज येत नाही, पण तळमजल्याच्या दुकानात चेंबरमधून उलटं पाणी येणं हे दर वर्षी कुठे ना कुठे होतं, आणि लोक शिव्या गच्चीला देतात.

प्रश्न : ऑफिसात जानेवारीत पण सीलिंगला ओल दिसते. नाशिकला जानेवारीत कुठला पाऊस? तरी सगळे म्हणतात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा.

वॉटरप्रूफिंगला हात लावू नका. कोरड्या दिवसांत ओल असेल तर पाणी नळाचं, टाकीचं किंवा एसीचं. संध्याकाळी ऑफिस बंद करताना गच्चीवरच्या टाकीत पाणी येणारा व्हॉल्व्ह बंद करून आत पाण्याच्या लेव्हलला खूण करा, सकाळी खाली गेली असेल तर टाकी किंवा पाइप गळतोय. बॉलकॉक बिघडून ओव्हरफ्लो रात्रभर चालू असतो आणि ते पाणी गच्चीवर पसरतं, हेही फार ठिकाणी असतं. फायरची टाकी विसरू नका. मग फॉल्स सीलिंगची एक फळी काढून एसीचा ड्रेन पाइप बघा. दीड टनाचा एसी दमट हवेत तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो, त्या पाइपला उतार नसेल किंवा थंड कॉपर पाइपवरचं फोमचं आवरण फाटलं असेल तर घाम येऊन सीलिंग भिजतं. सरळ उपाय म्हणजे चार दिवस एसी बंद ठेवून बघा, ओल वाळायला लागली तर चोर सापडला. जानेवारीत तुम्ही एसी लावतच नसाल तर मग टाकीच.

प्रश्न : गच्चीवर सोलर बसवल्यानंतर पहिल्याच पावसात गळती लागली. कंपनीवाले म्हणतात आमचा संबंध नाही.

संबंध आहे की नाही ते तपासून कळतं. स्ट्रक्चरचे पाय कसे बसवलेत ते बघा. कोब्यात ड्रिलने भोक पाडून फास्टनर (बोल्ट) ठोकले असतील तर प्रत्येक फास्टनर म्हणजे वॉटरप्रूफिंगला पाडलेलं एक भोक. एकेका पायाभोवती पाणी साचेल असा मातीचा छोटा बांध घालून एक दिवस पाणी भरून ठेवा, एका वेळी तीन-चार पायच, सगळे एकदम नाही, म्हणजे कुठल्या पायाने गळतंय ते कळेल. पाण्यात थोडा रंग टाकला तर अजून बरं. फोटो, तारखा ठेवा आणि त्यांना दाखवा.

पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, न ड्रिल करता ठेवता येतात, पण मग ते ठोकळे वाऱ्याला पुरतील एवढे जड पाहिजेत आणि स्लॅबला झेपतील एवढेच पाहिजेत, हा हिशोब इंजिनियरने करायचा, विक्रेत्याने अंदाजाने नाही. पॅनेल आणि लोखंड मिळून वजन चौरस मीटरला पंधरा-वीस किलोच असतं, त्रास वजनाचा नसून वाऱ्याने उचलण्याचा असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा तिथल्या लोकांनी पत्रे उडताना बघितलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि ठोकळे लावताना पाण्याच्या वाटेत आडवी रांग लावू नका, मध्ये मध्ये फट सोडा. पॅनेलच्या खाली झाडू पोचेल एवढी जागा हवी, नाहीतर तिथे माती साचते, कबुतरं घर करतात आणि सगळी पिसं आउटलेटमध्ये.

प्रश्न : थर्मल कॅमेऱ्याने गळती शोधून देतो म्हणतात, पुण्यात एकाने बरेच पैसे सांगितले. उपयोग होतो का?

होतो, पण कॅमेरा पाणी बघत नाही, तापमान बघतो. ऊन असलेल्या दिवशी सूर्य मावळल्यानंतर गच्ची थंड व्हायला लागते, ओला भाग उष्णता जास्त वेळ धरून ठेवतो म्हणून वेगळा दिसतो. भर दुपारी येऊन रंगीत फोटो काढून गेला तर त्या फोटोंना फ्रेम करा. चायना मोझॅकच्या (फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेल्या) गच्चीवर पांढऱ्या-रंगीत तुकड्यांमुळे चित्र आधीच चट्ट्यापट्ट्यांचं येतं. खालून सीलिंगचा फोटो काढला तर ओला भाग बाष्पीभवनामुळे थंड दिसतो, पण तिथे एसीचा गार झोत लागत असेल तर तोही तसाच दिसतो, एसी आधी बंद करून ठेवायला हवा. एवढं सगळं नीट करणारा माणूस असेल आणि रिपोर्टनंतर एक-दोन ठिकाणी मॉइश्चर मीटर लावून किंवा छोटा चौकोन फोडून खात्री करून देत असेल तर पैसे द्या. मोठ्या गच्चीवर, म्हणजे मॉल, हॉस्पिटल वगैरे, कुठे फोडायचं ते ठरवायला त्याचा खरा फायदा आहे. तुमच्या हजार-दोन हजार फुटांच्या गच्चीला बादली, खडू आणि हातोडी पुरते.

प्रश्न : पाणी भरून टेस्ट करायची तर पूर्ण गच्ची भरायची का? आणि किती दिवस?

पूर्ण नको, भाग पाडा. विटांचे आणि मातीचे किंवा वाळूच्या गोण्यांचे बांध घालून गच्चीचे तीन-चार तुकडे करा, एका तुकड्याचे आउटलेट कापड आणि प्लगने बंद करून एक ते दोन इंच पाणी, ४८ तास, खाली माणूस लक्ष ठेवून. सगळ्यात खालच्या बाजूचा तुकडा आधी भरा आणि वर वर सरका, उलट केलं तर वरचं पाणी उतरून खालच्या भागात गळेल आणि तुम्ही चुकीचा तुकडा फोडाल. पडदीची भिंत पाइपने पाणी मारून वेगळी तपासायची, तीही खालून वर. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, धडधाकट स्लॅबला चालतं. सळ्या उघड्या पडलेल्या, वाकलेल्या स्लॅबवर ही टेस्ट करूच नका. आणि टेस्टच्या काळात वरच्या मजल्यावरची लाइट बंद ठेवायची सोय करा, शनिवार-रविवार धरा. हो, प्लग काढायला विसरू नका. हसू नका, पाऊस सुरू झाल्यावर आउटलेटमध्ये कोंबलेलं पोतं मी स्वतः काढलंय.

प्रश्न : वरच्या मजल्यावर आमचा गाळा आहे. गच्ची गळते तर खर्च आम्हीच करायचा असं खालचे दुकानदार म्हणतात.

गच्ची कॉमन असेल तर खर्चही कॉमन. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (कारभाराच्या नमुना नियमांमध्ये) पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं सोसायटीच्या खर्चात धरलंय. तुमच्या प्रिमायसेस सोसायटीचे (म्हणजे दुकानं-ऑफिसांच्या सोसायटीचे) नोंदणी झालेले उपविधी काढून तेच कलम बघा आणि लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा. तोंडी भांडू नका. गच्ची कोणा एकाने विकत किंवा भाड्याने घेतली असेल, हॉटेल किंवा होर्डिंगसाठी, तर करारात काय लिहिलंय त्यावर जाईल. भाडेकरू असाल तर मालकाला पत्र.

प्रश्न : समजा काहीच केलं नाही आणि जुलैत गळायला लागलं, तर त्या वेळी काय करता येतं?

ओल्या गच्चीवर कुठलंही केमिकल लावून घेऊ नका, कोणी कितीही ‘ओल्यावर पण चिकटतं’ म्हणून सांगितलं तरी. आउटलेट मोकळे करा, पाणी झाडूने आउटलेटकडे लोटा, मग पाऊस थांबला की शंकेची जागा ताडपत्रीने झाका. ताडपत्री पडदीवरून बाहेर सोडा आणि बाहेर बांधा, आत अर्धवट टाकली तर तिच्याखालीच पाणी शिरतं. खालून निपल (बारीक तोटी) लावून पीयू इंजेक्शन, म्हणजे चिरेत भरायचं केमिकल, मारायला लोक येतात, त्याने ती एक टपटप थांबते खरी पण पाणी वर कोब्यात तसंच असतं, ते चार फुटांवर दुसरीकडे निघतं. सर्व्हर किंवा एक्स-रे मशीनवर गळत असेल तर तात्पुरतं म्हणून ठीक आहे, दुरुस्ती म्हणून बिल मागितलं तर देऊ नका.

फॉल्स सीलिंग फुगून पोट आलं असेल तर खालची माणसं, सामान बाजूला करा, लाइट बंद करा आणि स्क्रूड्रायव्हरने मधोमध बारीक भोक पाडून पाणी बादलीत काढा. जिप्समचा बोर्ड भिजून जड झाला की पूर्ण शीटच खाली येतं. आणि पाऊस कधी सुरू झाला, ठिबक कधी सुरू झाली याच्या वेळा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा, ऑक्टोबरात दुरुस्ती काढाल तेव्हा त्याचा उपयोग रिपोर्टपेक्षा जास्त होतो.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगला वॉचमन आहे, त्याला गच्चीचं काय काम नेमून द्यावं? तो काही इंजिनियर नाही.

नसू दे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वर जाऊन जाळ्या साफ करणं, जोराच्या पावसानंतर परत एकदा, डबकं दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं, एवढंच. एसीवाला, केबलवाला, मोबाइल टॉवरवाला वर गेला की त्याच्यामागे जाऊन तो कुठे ड्रिल मारतोय का बघणं आणि खाली येताना त्याने तारांचे तुकडे, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या वर टाकल्या नाहीत ना ते बघणं. पडदी कमरेपेक्षा खाली असेल तर त्याला कडेला एकट्याला पाठवू नका, ओल्या शेवाळ्यावर घसरतो माणूस. त्याला एक रबरी बूट, एक फावडं, एक लांब दांड्याचा झाडू घेऊन द्या. आणि गच्चीच्या दाराची एक किल्ली त्याच्याकडेच असू द्या, सेक्रेटरींच्या ड्रॉवरमध्ये नको, कारण सेक्रेटरी संध्याकाळी सातला घरी जातात.